कड कुणी आखली?

मेंदूच्या एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस शोधायचा तर कानाच्या पातळीवरून बराच आत जावं लागतं. उजवीकडे एक आणि डावीकडे एक, असे हे दोन छोटे भाग. सोळाव्या शतकात बोलोन्याच्या जुलिओ चेझारे आरान्झी या शरीरशास्त्रज्ञाला त्याच्या वळणात समुद्रघोडा दिसला आणि तेच नाव पुढे रूढ झालं. नवी आठवण घडते ती याच्या मदतीने. सकाळी कोण येऊन गेलं, गोळी घेतली की राहिली, हे विसरू लागलेल्या माणसाच्या स्कॅनमध्ये डॉक्टर आवर्जून इकडे बघतात.

अडचण अशी, की स्कॅनवर त्याला नीट कड नसते. दिसतो तो एक लांबट करडा डाग. पुढच्या टोकाला तो अमिग्डाला नावाच्या भागाला इतका खेटून असतो की दोघांमधली भिंत बहुतेक वेळा दिसतच नाही. मागच्या टोकाला तो निमुळता होत जातो आणि नेमका कुठे संपला हे सांगणं कठीण होतं. त्याचं आकारमान मोजायचं असेल तर ही कड माणसाला आखावी लागते. मेंदूशास्त्राचे विद्यार्थी आणि तंत्रज्ञ हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. पडद्यावर एक काप घ्यायचा, माऊसने त्या डागाभोवती रेघ ओढायची, मग पुढचा काप, मग त्याच्या पुढचा. एका मेंदूचे दोन्ही हिप्पोकॅम्पस आखण्यात तास सहज जातात.

आता थोडा हिशेब करू. प्रौढ माणसाच्या एका बाजूचा हिप्पोकॅम्पस साधारण ३ घनसेंटिमीटरचा, म्हणजे ३००० घनमिलिमीटरचा असतो. उतारवयात तो सगळ्यांचाच आक्रसतो. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी अशी, की निरोगी वृद्धांमध्ये तो वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास घटतो आणि अल्झायमरच्या रुग्णांमध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास. ३००० घनमिलिमीटरचे दीड टक्के म्हणजे ४५ आणि साडेचार टक्के म्हणजे १३५. वयाने होणारी झीज आणि आजाराने होणारी झीज यांच्यात वर्षाला फरक पडतो तो ९० घनमिलिमीटरचा, ज्वारीच्या तीन-चार दाण्यांएवढा. दुसरीकडे, आखलेली कड सगळ्या बाजूंनी मिलिमीटरचा फक्त एक दशांश बाहेर सरकली, तर ढोबळ हिशेबाने आकारमान शंभरावर घनमिलिमीटरने वाढतं. रेघ ओढणाऱ्याच्या सवयीतला फरक आजाराच्या वर्षभराच्या खुणेपेक्षा मोठा ठरू शकतो.

आणि सवयी वेगळ्या होत्याच. हिप्पोकॅम्पस कसा आखावा याच्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या वेगवेगळ्या रीती होत्या. कुणी शेपटी धरायचं, कुणी सोडायचं, कुणी बाजूचा व्हाइट मॅटरचा, म्हणजे चेतातंतूंचा, पातळ थर आत घ्यायचं. या गोंधळाला कंटाळून युरोप आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा १२ प्रमुख रीती समोर ठेवल्या, त्यांच्यातले भेद मोजले, तज्ज्ञांची मतं घेतली आणि एक सामाईक पद्धत ठरवली. या कामात कित्येक वर्षं गेली. बाहेरच्या माणसाला हे काम कंटाळवाणं वाटेल. मला मात्र या क्षेत्रातलं ते सर्वांत प्रामाणिक काम वाटतं, कारण यंत्राला शिकवण्याआधी ‘बरोबर उत्तर म्हणजे काय’ हे माणसांनी एकत्र बसून ठरवलं.

दोन माणसांनी आखलेल्या कडा किती जुळतात हे मोजायला या क्षेत्रात ‘डाइस’ नावाचा आकडा वापरतात. ली डाइस हे अमेरिकेतले प्राणिशास्त्रज्ञ. निसर्गात दोन जाती एकाच ठिकाणी कितपत सोबतीने आढळतात हे मोजण्यासाठी त्यांनी १९४५ साली हे सूत्र मांडलं. आज तेच मेंदूच्या स्कॅनवर चालतं. दोघांच्याही रेघेच्या आत आलेला भाग दुप्पट करायचा आणि दोघांनी आखलेल्या एकूण भागांच्या बेरजेने भागायचं. तंतोतंत जुळलं तर उत्तर १, अजिबात नाही जुळलं तर शून्य. मेंदूतल्या गाठी आखणाऱ्या संगणकांची ‘ब्रॅट्स’ नावाची स्पर्धा २०१२ पासून भरते. तिच्या सुरुवातीच्या वर्षांचा सविस्तर अहवाल २०१५ साली आला. ग्लायोमा या गाठीच्या ६५ स्कॅनवर जास्तीत जास्त चार तज्ज्ञांनी कडा आखल्या होत्या, आणि गाठीच्या निरनिराळ्या भागांवर तज्ज्ञांचं आपसातलं जुळणं ०.७४ ते ०.८५ एवढंच भरलं. तेव्हा एखादं सॉफ्टवेअर ‘८५ टक्के अचूक’ असल्याचं कानावर आलं की मी आधी विचारतो, कुणाच्या रेघेशी ताडून? त्याच अहवालातली दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. वीस संगणकी पद्धतींपैकी एकही सगळीकडे पहिली आली नाही, पण चांगल्या पद्धतींची मतं घेऊन बहुमताने कड ठरवली, तर ती प्रत्येक एकट्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. पंचांचा निवाडा यंत्रांच्या बाबतीतही उपयोगी पडला.

हे काम यंत्रावर सोपवताना खरी अडचण कुठे येते, ते कळायला एमआरआयचं चित्र कसं तयार होतं हे पाहावं लागेल. शरीर बहुतांशी पाण्याचं, आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनच्या अणूचं केंद्र म्हणजे एक प्रोटॉन. तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो आणि मोठ्या चुंबकात ठेवला की भोवऱ्यासारखा डोलत गिरक्या घेऊ लागतो. ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या एमआरआयमध्ये या गिरक्या सेकंदाला सुमारे पावणेतेरा कोटी असतात. त्याच गतीच्या रेडिओलहरी बाहेरून सोडल्या की प्रोटॉन कलतात. लहरी थांबवल्या की ते हळूहळू पूर्वस्थितीला येतात आणि येताना स्वतः एक क्षीण लहर सोडतात. यंत्र ती लहर ऐकतं. एफएम स्टेशनांचा पट्टा इथून फार लांब नाही, म्हणूनच ही खोली सहसा तांब्याच्या पत्र्याने मढवून बाहेरच्या लहरींना बंद केलेली असते. पॉल लाउटरबर यांनी १९७३ साली या लहरींवरून पहिलं चित्र काढलं ते पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं. पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांना २००३ सालचं नोबेल मिळालं.

प्रत्येक ऊतीतले प्रोटॉन आपापल्या वेगाने पूर्वपदावर येतात. मेंदूच्या पोकळ्यांमधलं पाणी सगळ्यांत संथ, चेतापेशींचं ग्रे मॅटर त्याहून लवकर, चरबीचं आवरण असलेलं व्हाइट मॅटर त्याहून लवकर. यंत्राने कधी ऐकायचं हे तंत्रज्ञ ठरवतो आणि त्यावरून चित्राचा रंग ठरतो. टी-१ पद्धतीच्या चित्रात मेंदूतलं पाणी काळं दिसतं आणि व्हाइट मॅटर उजळ. टी-२ मध्ये पाणी पांढरंशुभ्र होतं आणि व्हाइट मॅटर ग्रे मॅटरपेक्षा गडद. त्याच माणसाच्या त्याच मेंदूची, दहा मिनिटांच्या अंतराने काढलेली ही दोन चित्रं. काळ्याचं पांढरं झालेलं असतं आणि दोन्ही खरी असतात.

सीटी स्कॅनचं असं नाही. गॉडफ्री हौन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी निघाला. त्यांच्याच नावाने सीटीचं एकक ओळखलं जातं. पाणी म्हणजे ०, हवा म्हणजे उणे १०००. ताजं साकळलेलं रक्त साधारण ६० ते ८० मध्ये येतं आणि निरोगी मेंदू त्याच्या बराच खाली. सोलापूरच्या यंत्रावर पाणी ० असेल तर सिंगापूरच्या यंत्रावरही ते ०च असतं. एमआरआयच्या करड्या छटेला मात्र कसलंही एकक नाही. एका बिंदूचा आकडा ४१२ आला, याचा अर्थ त्याच चित्रात ३०० असलेल्या बिंदूपेक्षा तो उजळ आहे, एवढाच. दुसऱ्या कंपनीचं यंत्र, दुसरं चुंबक, तंत्रज्ञाने बदललेली एखादी सेटिंग, आणि आकडे सगळेच्या सगळे बदलतात.

सीटीचा हा आधार किती मोलाचा आहे याचं एक उदाहरण मुंबईचं आहे. क्युर.एआय या मुंबईच्या कंपनीतल्या संशोधकांनी २०१८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास छापला. भारतातल्या सुमारे वीस केंद्रांमधले डोक्याचे ३ लाख १३ हजार ३१८ सीटी त्यांनी गोळा केले आणि मेंदूतला रक्तस्राव, कवटीचं फ्रॅक्चर यांसारख्या तातडीच्या गोष्टी ओळखायला संगणकाला शिकवलं. इतक्या स्कॅनवर नव्याने कडा कोण आखणार? म्हणून शिकवणीतला मोठा भार रेडिओलॉजिस्टांनी पूर्वीच लिहून ठेवलेल्या रिपोर्टांनी उचलला. तपासणीसाठी मात्र दिल्लीतले वेगळे ४९१ स्कॅन घेतले, तीन रेडिओलॉजिस्टांनी ते स्वतंत्रपणे वाचले आणि त्यांच्या बहुमताला उत्तर मानलं. रक्तस्रावासाठी गुण मिळाले ०.९४. या आकड्याचा अर्थ असा, की रक्तस्राव असलेला एक आणि नसलेला एक स्कॅन डोळे मिटून उचलले, तर शंभरातून ९४ वेळा संगणक पहिल्याला जास्त संशयास्पद ठरवेल. तो ४९१ स्कॅनचा संच त्यांनी जगाला खुला करून दिला. मला या अभ्यासात सगळ्यांत मोलाचं हे वाटतं. आपली परीक्षा ज्यावर झाली ती प्रश्नपत्रिका इतरांच्या हाती देणं, हे विज्ञानातलं मोठं धाडस आहे.

एमआरआयकडे परत येऊ. बॉस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचं मार्टिनोस सेंटर आहे. तिथल्या ब्रूस फिशल, अँडर्स डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाअखेर ‘फ्रीसर्फर’ हे सॉफ्टवेअर उभं केलं. एमआरआय दिला की ते कवटी बाजूला करतं, मेंदूचे भाग पाडतं आणि कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या वळ्यावळ्यांच्या बाहेरच्या थराचा, पृष्ठभाग उलगडून त्याची जाडी मोजतं. हा थर सरासरी अडीच मिलिमीटरचा, आणि मोजायचे असतात त्यातले अंशात्मक फरक. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये मेंदू मोजण्याचं ते जवळजवळ प्रमाण साधन झालं. दोन गोष्टी मात्र त्याला लागत. एक म्हणजे वेळ. एका मेंदूला कित्येक तास, त्यामुळे काम संध्याकाळी लावून सकाळी बघायचं. दुसरी म्हणजे साधारण १ मिलिमीटर बारकाईचा, चांगला टी-१ स्कॅन.

वेळेचा प्रश्न न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकी रचनेने, सोडवला. जर्मनीत फ्रायबुर्गच्या ओलाफ रोनेबर्गर, फिलिप फिशर आणि थॉमस ब्रॉक्स यांनी २०१५ साली ‘यू-नेट’ नावाची रचना मांडली. चित्र पायरीपायरीने लहान करत खाली न्यायचं, म्हणजे ‘हे काय आहे’ ते कळतं. मग तसंच मोठं करत वर आणायचं, आणि वर येताना प्रत्येक पायरीवर उतरतानाचे जपून ठेवलेले बारकावे शेजारून जोडून घ्यायचे, म्हणजे ‘हे नेमकं कुठे आहे’ ते हरवत नाही. इंग्रजी यू अक्षरासारखा हा उतार-चढाव, म्हणून हे नाव. सूक्ष्मदर्शकाखालच्या चेतापेशींच्या कडा ओळखण्याच्या कामात त्यांच्यापाशी शिकवायला फक्त ३० चित्रं होती. म्हणून त्यांनी त्याच चित्रांना रबरासारखं ओढून-ताणून हजारो रूपं दिली. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे ती फार मोठी होणार आहे.

यू-नेटला मेंदूचे एमआरआय आणि त्यांवरच्या आखलेल्या कडा दाखवल्या की ते काही सेकंदांत नवा मेंदू आखून देऊ लागलं. पण दुसऱ्या रुग्णालयाचा स्कॅन दिला की गडबड. कारण वर आलंच आहे: या यंत्राने शिकताना करड्या छटांवर भिस्त ठेवलेली असते, आणि छटेला एकक नाही. टी-१ वर शिकलेल्या नेटवर्कपुढे टी-२ ठेवला, तर पाणी ते व्हाइट मॅटर म्हणून दाखवू शकतं. यावरचा सरळ उपाय म्हणजे सगळ्या यंत्रांचे, सगळ्या पद्धतींचे स्कॅन जमवायचे आणि प्रत्येकावर कडा आखून घ्यायच्या. म्हणजे पुन्हा तोच माऊस आणि तेच तास. शिवाय उद्या बाजारात नवं यंत्र आलं की सगळं पहिल्यापासून.

बेंजामिन बिलो, हुआन एउहेनियो इग्लेसियास, एड्रियन डाल्का, फिशल आणि इतर सहकाऱ्यांनी इथे उलटा रस्ता धरला. त्यांनी यंत्राला एकही खरा स्कॅन दाखवला नाही. हातात फक्त नकाशे घेतले. मेंदूचा कुठला बिंदू कुठल्या भागाचा एवढंच सांगणारे, छटा नसलेले, हजाराच्या आसपास नकाशे. त्यांतला एक उचलायचा आणि तो थोडा वाकवायचा, पिळायचा. मग प्रत्येक भागाला मनाला येईल ती छटा द्यायची: हिप्पोकॅम्पस पांढरा, व्हाइट मॅटर काळं, पाणी मधलं करडं. पुढच्या वेळी याच्या अगदी उलट. त्यावर चुंबकाच्या असमानतेमुळे पडते तशी सावली पसरायची, दाणेदारपणा मिसळायचा, चित्र धूसर करायचं, कधी त्याचे जाड काप पाडायचे. जे तयार होतं ते जगातल्या कुठल्याही स्कॅनरने काढलं नसतं असं विचित्र चित्र. मग यंत्राला विचारायचं, हे कुठल्या नकाशावरून बनलं? चुकलं की दुरुस्त करायचं, आणि दर वेळी नवं विचित्र चित्र.

छटेवर विसंबायची सोयच राहिली नाही, तेव्हा यंत्राला आकारावर, जागेवर आणि शेजारावर विसंबणं भाग पडलं. समुद्रघोड्याचा रंग कुठलाही असला, तरी तो अमिग्डालाच्या मागे आणि पोकळीच्या कडेलाच असणार. रोबोट शिकवणाऱ्या संशोधकांनी आधी अशाच तऱ्हेने खोलीतले रंग-उजेड वाटेल तसे बदलून यंत्रांना खऱ्या जगासाठी तयार केलं होतं. त्या कल्पनेला इथे मेंदूत घर मिळालं. या पद्धतीचं नाव सिंथसेग. २०२३ साली छापलेल्या त्यांच्या लेखात सीटी धरून सहा प्रकारच्या आणि दहा वेगवेगळ्या बारकाईच्या ५००० स्कॅनवर ती तपासली होती. ती पुन्हा न शिकवता चालली.

या कल्पनेतलं मला सर्वांत सुंदर वाटतं ते असं. नेहमी प्रश्न आधी असतो, म्हणजे स्कॅन, आणि उत्तर माणूस अंदाजाने आखतो, त्यामुळे उत्तरातच चूक शिरते. इथे उत्तर आधी घेतलं आणि त्यातून प्रश्न घडवला. प्रत्येक सरावचित्राचं उत्तर काटेकोर बरोबर, कारण चित्र त्या उत्तरातूनच जन्मलं. अर्थात, मूळ नकाशे आले कुठून? काही माणसांनी हाताने आखलेले, बरेचसे फ्रीसर्फरसारख्या सॉफ्टवेअरने आखलेले, आणि ते सॉफ्टवेअर पूर्वी हाताने आखलेल्या मेंदूंवर घडलेलं. कुणा विद्यार्थ्याने हिप्पोकॅम्पसची शेपटी जिथे संपवली होती, ती रेघ थरांखाली अजून शाबूत आहे.

आणखी एक मर्यादा. यंत्राला नकाशावरचेच भाग माहीत. नकाशात गाठच नसेल, तर समोरच्या मेंदूतल्या गाठीचा प्रत्येक बिंदू ते माहितीतल्या कुठल्या तरी खणात टाकणार: थोडा व्हाइट मॅटर, थोडा कॉर्टेक्स, थोडं पाणी. ‘मला हे ओळखू येत नाही’ असं ते आपणहून म्हणत नाही. म्हणून हे साधन मोजमापासाठी आहे. निदानासाठी ते तसंच्या तसं वापरणं धोक्याचं आहे.

मशीन लर्निंगच्या नावाने येणारा प्रत्येक मोठा आकडा मात्र इतक्या काळजीने आलेला नसतो, आणि याबद्दल मला खरोखर तळमळ वाटते. एका मेंदूच्या एमआरआयचे शंभर-दीडशे काप असतात. शेजारशेजारचे काप जवळजवळ सारखे. आता अल्झायमर ओळखणारं यंत्र घडवताना सगळ्या रुग्णांचे सगळे काप एकाच ढिगात टाकले, पत्त्यांसारखे पिसले आणि त्यातले काही शिकवायला, काही परीक्षेला काढले, तर काय होईल? कुणा एका आजोबांचा साठावा काप शिकवणीत असेल आणि एकसष्टावा परीक्षेत. यंत्र आजार न ओळखता आजोबांनाच ओळखेल आणि पूर्ण गुण घेईल. ही चूक किरकोळ नाही. अल्झायमरवरच्या अशा शोधनिबंधांचा २०२० साली छापलेला एक आढावा सांगतो की पाहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक निबंधांमध्ये शिकवणीतली माहिती परीक्षेत झिरपली असल्याची शक्यता होती. दुसऱ्या एका गटाने मुद्दाम दोन्ही रीतींनी प्रयोग केला. काप पिसून आणि रुग्ण वेगळे ठेवून आलेल्या अचूकतेत २९ ते ५५ टक्क्यांचा फरक पडला. दवाखान्यात उद्या येणारा रुग्ण शिकवणीत कधीच नसतो, त्याच्यासाठी ती वरची टक्केवारी अस्तित्वातच नाही. इतकं असूनही ‘९९ टक्के अचूक’ असे मथळे झळकतात, आणि घरी विसरभोळ्या आईला सांभाळणारी मुलगी ते वाचून आशा धरते.

चेहऱ्याचाही एक मुद्दा आहे, थोडक्यात सांगतो. डोक्याच्या एमआरआयमध्ये नाक, ओठ, डोळे सगळं येतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं, की ८४ स्वयंसेवकांपैकी ७० जणांचे स्कॅन चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यांच्या फोटोंशी बरोबर जुळवले. नाव पुसलं म्हणजे ओळख पुसली, हे मेंदूच्या स्कॅनला लागू नाही. म्हणून आता स्कॅन दुसऱ्याला देताना चेहऱ्याचा भाग काढून टाकतात.

यापेक्षा खोलवरचा प्रश्न असा, की नॉर्मल म्हणजे कुणाचा मेंदू? मेंदूतल्या जागा सांगायला जगाने अनेक वर्षं वापरलेला तालैराखचा नकाशा १९८८ साली छापला गेला. तो होता साठ वर्षांच्या एका दिवंगत फ्रेंच बाईंच्या मेंदूवरून. एका बाईंचा मेंदू साऱ्या जगाच्या मेंदूंचा पत्ता सांगत होता. मग कॅनडात माँट्रियलच्या संशोधकांनी ३०५ माणसांच्या एमआरआयची सरासरी काढून नकाशा केला. त्यात २३९ पुरुष आणि ६६ स्त्रिया, बहुतेक तरुण. त्यानंतर १५२ जणांवरून केलेला नकाशा आजही सर्रास वापरात आहे.

हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या जयंती शिवस्वामी यांच्या गटाने, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतल्या डॉक्टरांना बरोबर घेऊन, २०१९ साली भारतीय मेंदूचा नकाशा प्रसिद्ध केला. २१ ते ३० वयाच्या १०० निरोगी तरुण-तरुणींचे, निम्मे पुरुष आणि निम्म्या स्त्रिया, असे एमआरआय त्यासाठी घेतले. पाश्चात्त्य आणि पूर्व आशियाई नकाशांच्या तुलनेत हा सरासरी मेंदू लांबी, रुंदी, उंचीने लहान भरला. हे वाचून काहींनी बुद्धीचा विषय काढला, तो सर्वस्वी गैरलागू आहे. आकाराचा हा फरक शरीराच्या ठेवणीतल्या इतर फरकांसारखाच. पण दवाखान्यात त्याचा परिणाम होऊ शकतो. सत्तरीच्या मराठी बाईंचा मेंदू सॉफ्टवेअरने बॉस्टनच्या सरासरीशी ताडला, तर जन्मजात ठेवणीला ते झीज समजेल. आणि शंभर तरुणांचा नकाशा सत्तरीच्या बाईंना पुरत नाही. वृद्धांचे, वेगवेगळ्या प्रांतांचे, शिकलेल्या आणि न शिकलेल्या माणसांचे स्कॅन लागतील. अल्झायमरच्या अभ्यासासाठी जगभर वापरला जाणारा अमेरिकेतला एडीएनआय हा संग्रह २००४ साली सुरू झाला. त्याने या क्षेत्राला अक्षरशः उभं केलं, पण त्यातही गोऱ्या आणि बरंच शिकलेल्या लोकांचा भरणा आहे, हे त्या संग्रहावर काम करणारेच सांगतात.

माणसं नव्याने बोलावून स्कॅन काढणं महागाचं असतं. काढलेले स्कॅन मात्र रुग्णालयांच्या साठ्यांत पडून आहेत: कुणी डोकेदुखीसाठी आलेलं, कुणी बाथरूममध्ये घसरलेलं, कुणाला फिट आलेली. हे स्कॅन संशोधकाच्या मनासारखे नसतात. वेळ आणि पैसा वाचावा म्हणून काप पाच-सहा मिलिमीटर जाडीचे घेतलेले, रुग्ण हलल्यामुळे काही धूसर. फ्रीसर्फरला ते चालत नसत. बिलोंच्या गटाने सिंथसेगची आणखी दणकट आवृत्ती करून अशाच, न निवडलेल्या १४,००० स्कॅनवर वयोमानाचा अभ्यास केला. उत्तम दर्जाच्या स्कॅनवर पूर्वी दिसलेली झिजेची चढण या रोजच्या स्कॅनमधूनही उमटली. आपल्याकडच्या स्कॅन सेंटरांमध्येही रोजचे काप जाडच घेतात. परवानगीची आणि गुप्ततेची नीट व्यवस्था झाली, तर भारतीय मेंदू वयानुसार कसा बदलतो हे शोधायला लागणारा कच्चा माल आधीच तयार आहे.

याच वाटेवर चाकांवरचं एक छोटं एमआरआय यंत्र आलं आहे. त्याच्या चुंबकाची ताकद ०.०६४ टेस्ला, म्हणजे मोठ्या यंत्राच्या जवळपास पन्नासावा भाग. ते भिंतीतल्या साध्या प्लगवर चालतं आणि रुग्णाच्या खाटेशी ढकलत नेता येतं. अमेरिकेत त्याला २०२० साली परवानगी मिळाली. जिथे मोठं चुंबक, त्याच्यासाठी खास बांधलेली खोली आणि ते थंड राखणारा द्रवरूप हेलियम परवडत नाही, अशा ठिकाणांचा विचार करा, गडचिरोलीचा करा. चित्र अर्थातच धूसर येतं. इग्लेसियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या धूसर चित्रावरून १ मिलिमीटरचं चित्र घडवून त्यात हिप्पोकॅम्पससकट मेंदूचे भाग मोजले आणि त्याच माणसांच्या मोठ्या यंत्रावरच्या मापांशी ताडून पाहिले. मापं बरीच जुळली. पण जाड कापातून एक मिलिमीटरची कड काढताना यंत्र काही समोरच्या रुग्णात पाहतं आणि काही शिकलेल्या नकाशांमधून आठवून भरतं. एखाद्या रुग्णाचा हिप्पोकॅम्पस सगळ्यांपेक्षा वेगळा असेल, तर त्या कडेतलं पाहिलेलं किती आणि भरलेलं किती, हे त्याच्याच स्कॅनसोबत डॉक्टरला कसं दाखवायचं, यावर आता काम चाललं आहे.